करार कुणाचा, किंमत कुणाची?



युवक मंडळाच्या मुलामुलींना घेऊन आम्ही वसईच्या किल्ल्यात गेलो होतो. सकाळची दुसरी मिस्सा आटोपून निघालो, त्यामुळे पोहोचेपर्यंत ऊन चांगलेच चढले होते. फ्रान्सिस्कन चर्चच्या पडक्या भिंतींच्या सावलीत डबे उघडले. तिथल्या जमिनीवर पोर्तुगीज घराण्यांच्या थडग्यांचे दगड आहेत. त्यांवरची अक्षरे लावण्याचा मुलांचा प्रयत्न चालला होता. तेवढ्यात अकरावीतला एक मुलगा आमच्याजवळ येऊन बसला. त्याचे वडील काही वर्षे सौदी अरेबियात नोकरीला आहेत.

"फादर, एक विचारू? सौदी आणि पाकिस्तानने करार केलाय ना, एकावर हल्ला म्हणजे दोघांवर हल्ला. उद्या आपलं आणि पाकिस्तानचं काही झालं, तर माझे पप्पा कुणाच्या देशात असतील? मित्राच्या की शत्रूच्या?"

तो ज्या कराराविषयी बोलत होता तो १७ सप्टेंबर २०२५ रोजी रियाध येथे झाला. त्याच वर्षी मे महिन्यात भारत आणि पाकिस्तान यांच्यात चार दिवसांचा संघर्ष होऊन गेला होता, त्यामुळे मुलाच्या मनात भीती होती ती काही उगीच नव्हती. आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो, परंतु असा प्रश्न परीक्षेत कधी आला नाही. "सांगतो" असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली, आणि मग घरी येऊन आठवडाभर त्याचाच विचार करीत राहिलो. विचार करता करता लक्षात आले की, ज्या जागेवर बसून त्याने हा प्रश्न विचारला, त्या जागेने असे करार जवळून पाहिले आहेत. दोन देश एकमेकांसाठी लढण्याचे वचन का देतात, ते वचन पाळणे हे नेहमीच पुण्य आणि मोडणे हे नेहमीच पाप असते का, याचा धडा आपल्या वसईतच आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. आपण 'करार' हा शब्द फार मोठ्या अर्थाने वापरतो. जुना करार, नवा करार. देवाने माणसाशी केलेला करार हा माणूस चुकला तरी देव मोडीत नाही. राष्ट्रांचा करार हा तसा नव्हे. ॲरिस्टॉटलने मैत्रीचे तीन प्रकार सांगितले आहेत: उपयोगासाठी केलेली, आनंदासाठी केलेली आणि सद्गुणावर उभी असलेली. नगरराज्यांच्या युती त्याने पहिल्या प्रकारात, म्हणजेच उपयोगाच्या मैत्रीत बसवल्या. उपयोग संपला की ती मैत्री संपते. त्याला यात काही धक्कादायक वाटले नाही. आपल्याला वाटते, कारण वर्तमानपत्रांत 'मित्रराष्ट्र' हा शब्द आपण रोज वाचतो आणि त्यातला 'मित्र' खरा मानतो.

आता वसईकडे येऊ. पोर्तुगाल आणि इंग्लंड यांच्यातील मैत्री ही जगातील सर्वांत जुनी आणि अजूनही लागू असलेली युती मानली जाते. तिचा पहिला तह १३७३ साली लंडनमध्ये झाला आणि १३८६ साली विंडसरच्या तहाने ती पक्की झाली. त्यापूर्वी एकच वर्ष, आल्जुबारोटाच्या लढाईत, इंग्रज तिरंदाज पोर्तुगीजांच्या बाजूने कॅस्टिलच्या सैन्याविरुद्ध लढले होते. २०२३ साली या मैत्रीला ६५० वर्षे झाली म्हणून दोन्ही देशांत समारंभही झाले. मधल्या काळात मात्र पोर्तुगालचा मुकुट १५८० ते १६४० अशी साठ वर्षे स्पेनच्या राजाच्या डोक्यावर होता, आणि त्या काळात याच इंग्रजांनी इराणच्या शाहाला साथ देऊन १६२२ साली पोर्तुगीजांचे होर्मुझ घेतले.

पुढे २३ जून १६६१ रोजी नवा तह झाला. पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन ही इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला दिली आणि तिच्याबरोबर मुंबई बेट दिले. शाळेत आपण 'मुंबई हुंड्यात दिली' एवढेच शिकतो. ती का दिली, हे पुस्तकात सहसा नसते. तहातच कारण लिहिलेले आहे: इंग्रजांचा पूर्वेकडील व्यापार वाढावा, आणि या भागातील पोर्तुगीज प्रजेचे डचांपासून रक्षण करणे इंग्रजांना सोपे जावे. शिवाय एका गुप्त कलमाने इंग्लंडने पोर्तुगालच्या पूर्वेकडील मुलखांना डचांविरुद्ध मदत करण्याचे वचन दिले. म्हणजे मुंबई ही नुसती आंदण नव्हती, ती एका लष्करी वचनाची आगाऊ दिलेली किंमत होती. (गुप्त कलमे ठेवून केलेला शांततेचा तह हा तहच नव्हे, असे पुढे १७९५ साली कांट या तत्त्ववेत्त्याने लिहिले. राजांनी ते वाचले असेल असे वाटत नाही.)

वचनाचे काय झाले? १६६३ साली डचांनी पोर्तुगीजांचे कोची घेतले आणि ते वाचवायला इंग्रज आरमार गेले नाही. इकडे गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय मुंबई सोडायला तयार नव्हता. इंग्रज मुंबईत बसले तर पोर्तुगीजांचा हिंदुस्थान गेला, असा इशारा त्याने आपल्या राजाला दिला होता. त्याच्या हट्टापायी इंग्रज शिपाई कारवारजवळच्या अंजदीव बेटावर अडकून पडले, आणि त्यांतले बहुतेक तिथेच रोगराईने मेले. तिकडे राजघराण्यांत लग्न झाले, आणि इकडे त्या लग्नाचा एक अक्षरही ठाऊक नसलेली गरीब पोरे तापाने गेली. १६६५ साली मुंबई अखेर इंग्रजांकडे आली आणि १६६८ साली राजाने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. वचन राजाने दिले होते, आता जागा व्यापाऱ्यांकडे होती.

यानंतरची गोष्ट आपल्या घरची आहे. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली, आणि चिमाजी आप्पांच्या फौजांनी पुढे वसईला वेढा घातला. वसईच्या पोर्तुगीजांनी मुंबईच्या इंग्रजांकडे मदत मागितली. अंतर किती? आज लोकलने तासाभराचे. इंग्रजांनी थोडी दारू पाठवली आणि पंधरा हजार रुपयांचे कर्ज दिले. त्या कर्जाला तारण म्हणून देवळांतली चांदी पुरेना, तेव्हा तटावरच्या पितळी तोफाही लिहून घेतल्या. निर्णायक अशी कुमक आली नाही. मे १७३९ मध्ये वसई पडली. दोन्ही बाजूंची हजारो माणसे मारली किंवा जखमी झाली, आणि त्यांत मराठ्यांची हानी कितीतरी मोठी होती. पोर्तुगीज सैन्य आणि अधिकारी सन्मानाने बाहेर पडले, जहाजांत बसले. आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १२ जुलै १७३९ रोजी, इंग्रजांचा कॅप्टन इंचबर्ड याने चिमाजी आप्पांशी व्यापाराचा तह केला.

हे वाचून आपला पहिला उद्गार असतो: विश्वासघात! आम्हीही तरुणपणी असेच म्हणत असू. परंतु न्याय करायचा तर सावकाश करावा लागतो. पहिली गोष्ट, तहात शत्रू म्हणून नाव डचांचे होते, मराठ्यांचे नव्हते. इंग्रज म्हणू शकत होते की आम्ही अक्षराला जागलो. दुसरी गोष्ट आपल्याला बोलायला जड जाते, तरी बोललीच पाहिजे. पोर्तुगीज अमलात इथल्या हिंदू रहिवाशांवर धर्माच्या नावाने जाच होत होता, आणि अंजूरच्या नाईकांसारख्या स्थानिक लोकांनी पेशव्यांकडे जाऊन गाऱ्हाणे घातले होते. म्हणजे वेढा घालणाऱ्यांकडेही कुणीतरी संरक्षण मागितले होते. अशा वेळी पोर्तुगीजांचा पक्ष न्यायाचाच होता, असे आपण धर्मगुरूच्या झग्याआडून म्हणू शकत नाही.

मग इंग्रजांचे चुकले काय? आमच्या मते त्यांनी लढाई टाळली हे चुकले नाही. पण ज्या वचनाच्या बदल्यात मुंबई घेतली, ते वचन आपण आता मानत नाही, असे त्यांनी कधी सांगितले नाही. पोर्तुगीजांना वसईच्या तटावर उभे राहून मुंबईकडे डोळे लावायला लावले. अडलेल्या शेजाऱ्याच्या देवळातली चांदी तारण घेऊन कर्ज देणारा माणूस सावकार असतो, आणि सावकारी हा काही गुन्हा नाही. परंतु मग मित्र म्हणवून घेऊ नये.

आणि आपले लोक? किनाऱ्यावरचे कोळी, वाडीतले शेतकरी, आपले पणजोबा-खापरपणजोबा? ते कुठल्याच जहाजात बसले नाहीत. मराठ्यांनी शरणागतीच्या अटींत इथे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक दिली. बरेच परदेशी धर्मगुरू गेले. स्थानिक धर्मगुरूंनी आणि घरातल्या म्हाताऱ्यांनी रोझरी चालू ठेवली. आज आपण रविवारी देवळात बसतो ते त्यामुळे. १३७३ च्या, १३८६ च्या, १६६१ च्या एकाही कागदावर त्या माणसांचे नाव नाही.

ही देवळातल्या चांदीची गोष्ट आम्हाला नेहमी जुन्या करारातील आहाज राजाची आठवण करून देते. आगमनकाळात यशयाचे ते वाचन आपण ऐकतो, ज्यात इम्मानुएलच्या जन्माची खूण दिली आहे. ती खूण बाळ येशूच्या गोठ्याशी जोडण्याची आपल्याला इतकी सवय आहे की, मुळात ती एका लष्करी युतीच्या वादात दिली गेली, हे ध्यानात राहत नाही. अराम आणि इस्राएल या दोन राज्यांनी मिळून यहूदावर चाल केली होती. आहाज घाबरला. यशयाने त्याला धीर धरायला सांगितले. आहाजने मात्र मंदिरातले आणि राजवाड्यातले सोनेरुपे काढून अश्शूरच्या राजाला पाठवले आणि आपण तुझे दास आहोत असे कळवले. मदत आलीही. अश्शूरने अरामची राजधानी दमास्कस घेतली. आहाज वाचला. परंतु त्यानंतर यहूदा हे अश्शूरचे मांडलिक झाले, आणि आहाजच्या मुलाच्या काळात त्याच अश्शूरचे सैन्य यरुशलेमच्या वेशीवर येऊन उभे राहिले.

आहाजची ही चूक वसईतच पुन्हा घडली. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ शिंदे आणि पेशवे यांच्या फौजांचा पराभव केला. दुसरा बाजीराव कोकणात पळाला आणि इंग्रजी जहाजातून वसईला येऊन पोहोचला. ज्या वसईसाठी त्याच्या आजोबांच्या भावाने, चिमाजी आप्पांनी, एवढे रक्त सांडले, तिथे हा पेशवा निर्वासित म्हणून उतरला. वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबर १८०२ रोजी, कर्नल बॅरी क्लोज याच्याशी त्याने तह केला. सुरुवातीलाच मैत्रीची भाषा होती: एकाचे मित्र ते दोघांचे मित्र, एकाचे शत्रू ते दोघांचे शत्रू. रियाधच्या कागदापेक्षा फार वेगळी नव्हे! कंपनीची किमान सहा हजार पायदळाची तैनाती फौज पेशव्यांच्या मुलखात कायमची राहणार होती, आणि तिच्या खर्चासाठी पेशव्यांनी वर्षाला सव्वीस लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा होता. इंग्रजांशी वैर असलेल्या कुणा युरोपियनाला नोकरीत ठेवायचे नाही. दुसऱ्या कुठल्याही सत्तेशी कंपनीला विचारल्याशिवाय बोलणी करायची नाहीत.

इथे इंग्रजांनी वचन मोडले नाही, हे लक्षात घ्या. अक्षरशः पाळले. मे १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली याने बाजीरावाला पुण्याच्या गादीवर नेऊन बसवले. सप्टेंबरमध्ये असईच्या रणात त्याच वेलस्लीने शिंदे आणि भोसल्यांचा पराभव केला. बाजीरावाचे रक्षण झाले, फक्त रक्षण करण्यासारखे काही त्याच्याजवळ उरले नाही. १८१८ साली गादी गेली आणि आठ लाखांच्या पेन्शनवर तो बिठूरला जाऊन राहिला.

वसईच्या चर्चमध्ये आणि वसईच्या तहात आम्हाला सर्वांत जास्त विचार करायला लावते ती ही गोष्ट. १७३९ साली मित्राने वचन पाळले नाही आणि पोर्तुगीजांची वसई गेली. १८०२ साली मित्राने वचन पाळले आणि मराठ्यांचे राज्य गेले. तेव्हा 'वचन पाळले की मोडले' एवढ्याच प्रश्नाने भागत नाही.

हा वेलस्ली पुढे कुठे गेला? १८०८ साली तो पोर्तुगालच्या किनाऱ्यावर उतरला. नेपोलियनने पोर्तुगाल घेतला होता, आणि जुन्या युतीला जागून इंग्लंडने सैन्य पाठवले होते. पुण्यात ज्याच्या येण्याने राज्य बुडाले तोच माणूस पोर्तुगालात मुक्तिदाता ठरला. अर्थात तिथेही राजा ब्राझीलला असताना बेरेसफोर्ड नावाचा इंग्रज सेनापती पोर्तुगीज सैन्यावर आणि बऱ्याच अंशी देशावर हुकूम चालवीत राहिला, आणि १८२० च्या क्रांतीनंतरच लोकांनी इंग्रज अधिकाऱ्यांना घालवले. मदतीला आलेला पाहुणा उठत नाही, हा अनुभव फक्त आपलाच नाही.

संत थॉमस ॲक्वायनस यांनी वचनाविषयी लिहिताना दोन प्रसंगी वचन न पाळणाऱ्याला दोषमुक्त केले आहे: वचन दिलेली गोष्टच उघडपणे अयोग्य असेल तर, किंवा माणसांची आणि व्यवहाराची परिस्थिती बदलली असेल तर. पहिली सवलत समजण्यासारखी आहे. कुणी मित्राला 'तुझ्या भांडणात मी येईन' असे सांगितले आणि मित्र शेजाऱ्याचे घर जाळायला निघाला, तर वचनाखातर काडी घेऊन जाणे हे पुण्य नव्हे. ह्यूगो ग्रोशियसनेही १६२५ च्या आपल्या ग्रंथात हेच म्हटले, की अन्यायाच्या युद्धात मित्रराष्ट्राला मदत करण्याचे बंधन कुठलाही तह घालू शकत नाही. (हा गृहस्थ डच. पोर्तुगीजांचे जहाज पकडणाऱ्या डच कंपनीची बाजू त्यानेच तरुणपणी मांडली होती. वकिलांचेही काही खरे नाही.) परंतु ॲक्वायनस यांची दुसरी सवलत, परिस्थिती बदलल्याची, हा तो दरवाजा आहे ज्यातून जगातली सगळी सरकारे ये-जा करतात. परिस्थिती नेहमीच बदललेली असते.

आणि पहिल्या सवलतीचे तरी काय? मित्राचा पक्ष न्यायाचा की अन्यायाचा, हे ठरवायचे कुणी? ज्याला लढायचे नाही त्याला तो अन्यायाचाच दिसणार.

गोव्याचे उदाहरण घ्या. पोर्तुगाल हा ४ एप्रिल १९४९ रोजी स्थापन झालेल्या नाटोच्या बारा मूळ सदस्यांपैकी एक. १९५० नंतरच्या दशकात भारताला चिंता होती की गोव्यावर पाऊल टाकले तर नाटो आडवी येईल का. नाटोच्या करारातील सहावे कलम तिचे क्षेत्र युरोप, उत्तर अमेरिका आणि उत्तर अटलांटिक यांपुरते मर्यादित करते. गोवा त्यात बसत नव्हता. राहता राहिली ती इंग्लंडची सहाशे वर्षांची मैत्री. पोर्तुगालने तिची आठवण करून दिली. राष्ट्रकुलातील भारताशी आपण लढू शकत नाही, असे ब्रिटनने कळवले. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्य गोव्यात शिरले. त्या दिवशी सुरक्षा समितीत ब्रिटनने अमेरिका, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांच्याबरोबर भारताने माघार घ्यावी असा ठराव आणला, तो सोव्हिएत संघाने नकाराधिकाराने पाडला. मैत्री हात वर करण्याइतकी उरली होती, हातात शस्त्र घेण्याइतकी नव्हती.

१७३९ साली इंग्रज आले नाहीत म्हणून आपल्यातील काही जण अजून हळहळतात. १९६१ साली इंग्रज आले नाहीत म्हणून कुणी भारतीय हळहळत नाही, आम्हीही नाही. चारशे पन्नास वर्षांची परकी सत्ता संपायची होती. मग आपला न्याय काय? जिंकणारा आपला असला की मोडलेले वचन चालते? प्रामाणिकपणे सांगायचे तर या प्रश्नापाशी आम्ही बराच वेळ अडून राहिलो.

वाट दाखवली ती त्याच दिवसांतील एका पराभूत माणसाने. गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा याला हुकूमशहा सालाझारचा लिस्बनहून आदेश होता: शरणागती नाही; पोर्तुगीज सैनिक एक तर विजयी होतील नाहीतर मरतील. त्याच्याकडे तीन हजारांहून थोडे अधिक सैनिक होते, वर विमानांचे संरक्षण नव्हते आणि मदतीला कुठलाही मित्र येणार नव्हता. १९ डिसेंबरला त्याने शरणागती पत्करली. सालाझारने त्याला सैन्यातून काढून टाकले. १९७४ च्या क्रांतीनंतरच त्याचा मान परत मिळाला. सैनिकाने शपथ मोडली, असे म्हणता येईल. परंतु त्या शपथेत कुणाचा जीव मोजला जाणार होता? लिस्बनमधल्या सालाझारचा नव्हे. पणजी-म्हापशाच्या गल्ल्यांतल्या गोवेकरांचा आणि त्या तीन हजार पोरांचा. सालाझारने दुसऱ्यांच्या प्राणांवर स्वतःची प्रतिष्ठा राखण्याचे वचन दिले होते. ते पाळायला गव्हर्नरने नकार दिला.

तेव्हा आमच्या मते लष्करी युतीला पहिला प्रश्न असा विचारावा: हे वचन कुणाच्या जिवावर दिले आहे, आणि त्या माणसांचे रक्षण करण्यासाठी दिले आहे की त्यांना वापरण्यासाठी? १६६१ चे वचन मुंबईसाठी होते. १८०२ चे वचन एका माणसाच्या गादीसाठी होते, आणि त्याची किंमत सव्वीस लाखांचा मुलूख कसणाऱ्या शेतकऱ्यांनी दिली.

याचा अर्थ सगळ्या युती पापाच्या, असे आम्ही म्हणत नाही. देवळातून तसे म्हणणे सोपे असते. रशियाबरोबर १३०० किलोमीटरहून लांब सीमा असलेल्या फिनलंडला आम्ही कुठल्या तोंडाने सांगावे की एकटे राहा? युक्रेनने १९९४ साली बुडापेस्ट येथे कागदावर आश्वासने घेऊन आपल्या भूमीवरील अण्वस्त्रे सोडली. रशिया, अमेरिका आणि ब्रिटन यांनी त्याच्या सीमांचा मान राखण्याचे लिहून दिले. ते आश्वासन होते, लढण्याची हमी नव्हती. हा दोन शब्दांतला फरक युक्रेनच्या लोकांना २०१४ साली आणि पुन्हा २४ फेब्रुवारी २०२२ पासून कळला. ते पाहून फिनलंड २०२३ मध्ये आणि दोनशे वर्षे युतींपासून दूर राहिलेला स्वीडन २०२४ मध्ये नाटोत गेला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६५ साली, जोवर सर्वांवर चालेल अशी जागतिक सत्ता नाही तोवर, शांततेचे सर्व मार्ग संपल्यावर स्वसंरक्षणाचा राष्ट्रांचा हक्क नाकारला नाही. दुबळ्याने हात धरायला कुणी शोधला तर त्यात लाज कसली?

नाटोच्या पाचव्या कलमाचा एवढा बोलबाला आहे, तरी त्यातही प्रत्येक देशाने आपल्याला आवश्यक वाटेल ती कृती करावी, असेच लिहिले आहे. म्हणजे तिथेही फट आहे. आजवर ते कलम एकदाच लागू झाले, ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर, आणि तेही सर्वांत बलवान अमेरिकेसाठी. त्यानंतर अफगाणिस्तानात डेन्मार्क आणि एस्टोनियासारख्या छोट्या देशांची मुलेही मेली. तो करार निदान उघड आहे. कुणाचे, कुठे, कशापासून रक्षण करायचे हे त्यात लिहिलेले आहे, आणि सामान्य माणूस तो वाचून आपल्या सरकारला जाब विचारू शकतो. एवढे वसईच्या वाटेला कधी आले नाही.

दोन आठवड्यांनी तो मुलगा मिस्सेनंतर पुन्हा भेटला. आम्ही त्याला हे सगळे सांगायला सुरुवात केली. चिमाजी आप्पांपर्यंत त्याने नीट ऐकले. मग म्हणाला, "फादर, पण पप्पांचं काय?"

आम्ही म्हटले, "तुझे पप्पा शत्रूच्या देशात नाहीत आणि मित्राच्याही नाहीत. ते कामावर आहेत. त्या कागदावर त्यांचं नाव नाही."

"म्हणूनच तर आईला भीती वाटते," तो म्हणाला.

यावर आम्ही काही बोललो नाही. त्याच्या आईला भेटायला मात्र त्या संध्याकाळी गेलो. तिच्या बोलण्यातून समजले की आपल्या धर्मग्रामातील पुष्कळ घरांतून कुणी ना कुणी आखातात किंवा जहाजावर आहे, आणि त्यांची नोंद आपल्या कार्यालयात नाही. येत्या रविवारपासून भाविकांच्या प्रार्थनेत त्यांची नावे वाचली जातील. घरातील जी माणसे परदेशी कामाला आहेत त्यांचे नाव आणि देश एका चिठ्ठीवर लिहून शनिवारी संध्याकाळपर्यंत सॅक्रिस्टीत द्यावे. पहिली चिठ्ठी आमच्याकडे आली आहे.